‘टाइमलॅश’ आणि वेल्सची प्रतिभा

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथामालिकेचा आरंभ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी झाला. १९८९ पर्यंत ती चालली, मध्यंतरी बंद पडली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली. तिची रचना आपल्याकडील मालिकांहून भिन्न आहे. एकच नायक, ‘डॉक्टर’ या नावाने ओळखला जाणारा परग्रहवासी कालप्रवासी, आणि त्याचे ‘टार्डिस’ नावाचे यान एवढेच सूत्र कायम असते. बाकी चार-सहा भागांचे एक स्वतंत्र कथानक संपले की दुसरे सुरू होते; लेखक निराळा, दिग्दर्शक निराळा, स्थळ-काळही निराळे. पहिल्या कथानकाचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे जन्माने लखनौचे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. अशा शेकडो कथानकांच्या राशीत उत्तम, मध्यम आणि टाकाऊ असे सर्व प्रकार असणार हे उघड आहे. प्रस्तुत लेखाचा विषय शेवटच्या प्रकारातील एक कथानक हा आहे.

त्या कथानकाचे नाव ‘टाइमलॅश’. लेखक ग्लेन मॅकॉय, दिग्दर्शक पेनंट रॉबर्ट्स. ९ व १६ मार्च १९८५ या दोन शनिवारी, प्रत्येकी पाऊण तासाच्या दोन भागांत ते प्रक्षेपित झाले. डॉक्टरची भूमिका त्या वेळी कॉलिन बेकर करीत असत आणि त्याची सहप्रवासी पेरी ही निकोला ब्रायंट यांच्याकडे होती. मालिकेला तेव्हा वाईट दिवस आले होते. पुढील वर्षीचे प्रक्षेपण लांबणीवर टाकल्याची घोषणा हे कथानक दाखविले जाण्याच्या थोडेच दिवस आधी झाली होती. पुढे २००९ साली या मालिकेला वाहिलेल्या मासिकाने तोवरच्या दोनशे कथानकांचा वाचकांकडून क्रम लावून घेतला, तेव्हा ‘टाइमलॅश’ १९९ व्या स्थानी आले. एवढ्या एकमताने नाकारल्या गेलेल्या कृतीविषयी पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. आमचे उत्तर असे की, ही कृती फसली हे सर्वांना दिसले; पण ती ज्या कारणासाठी फसली असे सांगितले जाते ते कारण गौण आहे. मुख्य कारण वाङ्मयीन आहे, आणि ते आपल्या अभ्यासवर्गांच्या अगदी जवळचे आहे.

प्रथम कथा पाहू. कार्फेल नावाच्या ग्रहावर ‘बोरॅड’ या हुकूमशहाची सत्ता आहे. तो प्रजेसमोर कधी येत नाही. पडद्यावर दिसतो तो एक प्रसन्न वृद्ध चेहरा, आणि तोही बनावट. ग्रहावर आरशांना बंदी आहे. सत्तेला विरोध करणाऱ्यांना ‘टाइमलॅश’ नामक कालविवरात ढकलून देतात. ते कोठेतरी भूतकाळातील पृथ्वीवर, बाराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये, जाऊन पडतात. बँड्रिल नावाच्या शेजारी ग्रहाशी असलेला धान्याचा करार बोरॅडने मोडला आहे आणि युद्ध ओढवून घेतले आहे. वेना नावाची तरुणी सत्तेची किल्ली असलेला ताईत घेऊन कालविवरात पडते. तिच्या मार्गात टार्डिस आल्यामुळे ती १८८५ सालच्या स्कॉटलंडमध्ये एका घरात अवतरते. तेथे हर्बर्ट नावाचा एक तरुण राहत आहे. डॉक्टर तिला परत न्यावयास येतो, हर्बर्ट लपून त्याच्या यानात शिरतो आणि कार्फेलवर पोहोचतो. पुढे बोरॅडचे खरे रूप उघड होते. मेगेलेन नावाच्या शास्त्रज्ञाचा एका प्रयोगात ‘मॉर्लॉक्स’ या सरपटणाऱ्या हिंस्र प्राण्याशी संकर झाला आहे. अर्धा मनुष्य, अर्धा श्वापद असा तोच बोरॅड. ग्रहावरील सर्व माणसे मरावीत, आपण व मॉर्लॉक्स तेवढे उरावेत, आणि पेरीला आपल्यासारखे रूप देऊन तिच्यासह नवी प्रजा निर्माण करावी, असा त्याचा बेत असतो. तो अर्थातच हाणून पाडला जातो. शेवटच्या दृश्यात डॉक्टर हर्बर्टने दिलेले ओळखपत्र पेरीपुढे धरतो. त्यावर पूर्ण नाव आहे: हर्बर्ट जॉर्ज वेल्स.

आता या कथानकावरील नेहमीचे आक्षेप. कालविवराचे नेपथ्य म्हणजे चकाकणाऱ्या पट्ट्या लावलेली एक पोकळी आहे आणि डॉक्टर तीत दोराला लोंबकळताना दिसतो. बँड्रिलांचा राजदूत हा हातात घालून हालविण्याचे बाहुले आहे. दुसरा भाग वेळेला कमी पडला म्हणून टार्डिसमधील एक लांबट संभाषण मागाहून चित्रित करून घुसडले आहे, आणि ते तसे आहे हे न सांगताही कळते. सर्वनाशी क्षेपणास्त्राच्या वाटेत डॉक्टर आपले यान नेतो, स्फोट होतो, नंतर तो सुखरूप परत येतो आणि हे कसे घडले ते नंतर कधीतरी सांगेन असे म्हणतो. मेलेल्या बोरॅडच्या जागी त्याची दुसरी प्रतिकृती निघते. हे सर्व खरे आहे. शेवटचे दोन दोष तर अक्षम्य आहेत, कारण तेथे लेखकाने स्वतःच्याच कथेशी केलेला करार मोडला आहे.

परंतु नेपथ्याचा दरिद्रीपणा हा आमच्या मते दोषच नव्हे. ज्यांनी गावाच्या चौकात खडी गंमत पाहिली आहे, त्यांना एका फळीचा राजवाडा आणि एका उपरण्याची नदी होताना पाहण्याची सवय असते. प्रेक्षक पट्ट्यांना पट्ट्या म्हणू लागतो तो कथा त्याच्या हातून सुटल्यावर. याच मालिकेतील कितीतरी जुनी, श्वेतधवल, पुठ्ठ्याच्या भिंतींची कथानके आजही श्वास रोखून पाहिली जातात. तेव्हा पुठ्ठा आणि चकाकी यांवर थांबणारी टीका मुळाशी जात नाही.

खेदाची गोष्ट ही की, ‘टाइमलॅश’मध्ये चांगल्या कथेची बीजे होती. आरंभीचाच एक प्रसंग घ्या. कार्फेलचा कारभारी रेनिस याला बोरॅडच्या प्रयोगांसाठी वीज वळविण्याची आज्ञा होते. ती वीज वळविली की रुग्णालय अंधारात जाणार, आणि त्या रुग्णालयात रेनिसची स्वतःची पत्नी उपचार घेत आहे. तो हात थरथरत असताही कळ फिरवितो. भारनियमनाच्या वेळापत्रकाशी ज्यांचा संबंध आला आहे अशा वऱ्हाडातील प्रेक्षकास या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हुकूमशाही ही मोठ्या वधस्तंभांपेक्षा अशा लहान कळींवर चालते, हे त्या एका क्षणात दिसते. पण लेखक तो क्षण तेथेच सोडतो. रेनिस लवकरच मारला जातो, त्याची मुलगी वेना हिच्या वाट्याला आईवडिलांचा शोक करण्यास एखादेही दृश्य धड येत नाही, आणि टेकर नावाचा नवा कारभारी रंगमंचाचा ताबा घेतो. पॉल डॅरो यांनी टेकर हा तिसऱ्या रिचर्डच्या थाटात, प्रत्येक शब्द चघळीत रंगविला आहे. त्यात मौज आहे, नाही असे नाही; किंबहुना पडद्यावर जिवंत असा तेवढाच एक मनुष्य वाटतो. पण तो दुसऱ्याच नाटकातून आलेला आहे.

दुसरे बीज आरशांचे. ज्या देशात कोणालाही स्वतःचा चेहरा पाहता येत नाही, त्या देशातील माणसांचे परस्परांशी नाते कसे असेल? ती एकमेकांना विचारीत असतील का, मी कसा दिसतो म्हणून? आपण म्हातारे झालो हे त्यांना कोण सांगत असेल? प्रियकराच्या डोळ्यांतील प्रतिबिंबालाही तेथे राजद्रोहाचे मोल येईल. एवढी विलक्षण कल्पना हाताशी असता कथानकात तिचा उपयोग दोनच प्रकारे होतो: प्रथम बोरॅड कुरूप असावा असे अनुमान काढण्यासाठी, आणि शेवटी आरसा पुढे आणून त्याला क्षणभर विचलित करण्यासाठी. म्हणजे आरसा हे एक अवजार ठरले. विज्ञानकथेत कल्पना ही अवजार नसते. ती एक परिस्थिती असते आणि तिच्यात माणसे राहतात. वेल्सला हे पक्के ठाऊक होते. अदृश्य होण्याची कल्पना सुचल्यावर त्याने प्रथम विचार केला तो उघड्या अंगाला लागणाऱ्या थंडीचा, खाल्लेल्या अन्नाचा आणि धुळीत उमटणाऱ्या पावलांचा. त्यामुळे १८९७ सालचा तो अदृश्य माणूस आजही खरा वाटतो.

येथे आपण वेल्सपाशी येतो.

पडद्यावरील हर्बर्ट हा भाबडा, उत्साही, अडखळणारा तरुण आहे. आकाशातून उतरलेल्या वेनाला तो परलोकातून आलेला आत्मा समजतो. डॉक्टर दाराशी येताच त्याला सैतान मानून क्रूस पुढे धरतो. वास्तविक १८८५ च्या वसंतात हर्बर्ट जॉर्ज वेल्स काय करीत होता? तो अठरा वर्षांचा होता. लंडनच्या दक्षिण केन्सिंग्टन भागातील विज्ञानशाळेत तो शिष्यवृत्तीवर शिकत होता, आणि त्या पहिल्या वर्षी त्याला जीवशास्त्राचे पाठ देत होते टॉमस हेन्री हक्सले. तेच, ज्यांनी डार्विनच्या सिद्धान्तासाठी धर्मपीठाशी जाहीर वाद घातला. हक्सलेच्या वर्गातील या विद्यार्थ्याच्या हाती क्रूस देऊन त्याला भूत हाकलावयास लावणे यात विनोद असेल. पण ज्याचा विनोद करावयाचा त्याची किमान ओळख असावी लागते. वेल्सचे वडील क्रिकेट खेळणारे आणि नुकसानीत चालणारे दुकान सांभाळणारे. आई अपपार्क नावाच्या जमीनदारी वाड्यात घरव्यवस्थापिका. तळघरात नोकरांचे जग आणि वर मालकांचे जग, ही रचना त्या मुलाने घरच्या माणसाच्या नात्याने पाहिली. पुढे साउथसी येथील कापडाच्या दुकानात त्याने उमेदवारी केली. दिवसभर उभे राहणे आणि रात्री उमेदवारांच्या सामायिक खोलीत झोपणे. तेथून तो पळाला तो पुस्तकांच्या बळावर. लहानपणी पाय मोडून अंथरुणाला खिळला असता त्याला वाचनाची गोडी लागली होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

१८९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टाइम मशीन’ मधील मॉर्लॉक हे जमिनीखाली राहतात, यंत्रे चालवितात आणि वर उन्हात खेळणाऱ्या नाजूक एलॉइंना रात्री खातात. हा प्राणी कोठून आला याचे उत्तर वरील परिच्छेदात आहे. अपपार्कचे तळघर, साउथसीची खोली आणि हक्सलेने शिकविलेली उत्क्रांती ही सामग्री; परंतु सामग्री म्हणजे मॉर्लॉक नव्हे. तीच सामग्री इंग्लंडातील सहस्रावधी दुकानी पोरांपाशी होती. वर्गभेद आठ लाख वर्षे असाच वाढत गेला तर मनुष्यजातीच्या दोन जाती होतील आणि पिळणारा व पिळला जाणारा यांचा संबंध उलटा होईल, ही झेप एकाच मुलाने घेतली. तिला प्रतिभा म्हणतात.

‘टाइमलॅश’ ती झेप काढून घेते. त्याच्या मते हर्बर्टने मॉर्लॉक कल्पिले नाहीत, त्याने मॉर्लॉक्स पाहिले. ‘वीना’ या एलॉइ मुलीचे नाव वेनावरून आले. मनुष्य आणि पशू यांचा प्रयोगशाळेतील संकर, म्हणजे १८९६ च्या ‘डॉक्टर मोरो’चा विषय, त्याने बोरॅडच्या देहावर पाहिला. कालप्रवास तर त्याने स्वतः केला. उरले काय? घरी परतून वृत्तान्त लिहून काढणे एवढेच. ज्याने विज्ञानकथेला तिचे बहुतेक मूलभूत विषय दिले, त्याला या कथानकाने बातमीदार करून ठेवले आहे. आणि यातील खरी विसंगती पुढेच आहे. वेल्सला कल्पकता नाकारणाऱ्या या कथानकापाशी स्वतःची कल्पकता नाही. त्यातील प्रत्येक वस्तू वेल्सकडूनच उचललेली आहे, आणि उचलताना तिच्यातील अर्थ वाटेत गळाला आहे. वेल्सचे मॉर्लॉक हे आपल्याच समाजाचे पुढील रूप आहेत, म्हणून ते भयंकर. कार्फेलचे मॉर्लॉक्स हे गुहेतील सुसरी आहेत. त्यांचा कोणाशी काही संबंध नाही. ते लांब मान बाहेर काढून पेरीला भिववितात आणि परत जातात.

यावर एक प्रत्युत्तर येईल, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. हे सर्व गमतीने केले आहे. शेवटी ओळखपत्र पाहून प्रेक्षकाने स्मित करावे एवढाच हेतू. एका हलक्याफुलक्या वंदनावर एवढा भार कशाला? वंदनाला आमची हरकत नाही. पण वंदनाचेही प्रकार असतात. निकोलस मायर यांच्या १९७९ च्या ‘टाइम आफ्टर टाइम’ या चित्रपटात वेल्स खरोखरच कालयंत्र बांधतो आणि एका खुन्याचा पाठलाग करीत त्या वर्षीच्या सॅन फ्रान्सिस्कोत येतो. तोही थट्टेचाच मामला आहे. पण तेथे वेल्स यंत्राचा कर्ता आहे. भविष्यकाळ सुखाचा असणार या त्याच्या विश्वासाला विसाव्या शतकात तडा जातो, आणि चित्रपटाचे सर्व करुण त्या तड्यात आहे. याच ‘डॉक्टर हू’ मालिकेत पुढे २००५ साली डिकन्स आला. कार्डिफमध्ये १८६९ च्या नाताळात, आयुष्याच्या शेवटी थकलेला, आपले सर्व लिहून झाले असे मानणारा. संकटातून सुटण्याची युक्ती त्यालाच सुचते. २००७ साली शेक्सपिअर आला. डॉक्टर त्याला येताजाता त्याचीच वाक्ये पुरवितो हा ‘टाइमलॅश’चाच खोडसाळपणा, परंतु निर्वाणीच्या क्षणी शत्रूला परतविते ते शेक्सपिअरचे शब्दसामर्थ्य. म्हणजे लेखकाकडे त्याचा धर्म शिल्लक ठेवला आहे. हर्बर्टकडे कथेच्या ओघात धाडस आहे, सौजन्य आहे, तो एकदोनदा जीवही धोक्यात घालतो. पण ज्याकरिता तो वेल्स आहे असा एकही विचार नव्वद मिनिटांत त्याच्या तोंडून निघत नाही. त्या ओळखपत्रावर दुसऱ्या कोणाचे नाव असते तरी आधीच्या एकाही दृश्यात बदल करावा लागला नसता.

आणखी एक तुलना उद्बोधक आहे. १९७६ सालचे ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’ हे याच मालिकेतील कथानक उघडउघड ‘फ्रॅंकेन्स्टाइन’वर उभे आहे. त्यात मेरी शेलीचे नाव नाही, तिची भेट नाही, ओळखपत्र नाही. शरीराचे तुकडे जोडून एका मृत अत्याचाऱ्याच्या मेंदूला घर देण्याचा उद्योग आहे आणि निर्मात्याच्या अहंकाराचे मूळ सूत्र त्यात जागे आहे. पूर्वसूरींचे ऋण फेडण्याची ही रीत आपल्या परंपरेला परिचित आहे. व्यासाची कथा घेणाऱ्या पंडित कवीने व्यासाला पात्र म्हणून रंगमंचावर आणण्याची गरज नसते.

आता हा विषय अमरावतीच्या संशोधनपत्रिकेत का, याचा खुलासा करावयाचा आहे. ‘टाइमलॅश’च्या मुळाशी असलेली समजूत अशी: कल्पिताच्या मागे कोठेतरी एक घडलेली घटना असलीच पाहिजे, आणि ती सापडली की कल्पिताचा उलगडा झाला. ही समजूत एका ब्रिटिश पटकथेपुरती असती तर तिच्यावर शाई खर्च करावी लागली नसती. पण ती आपल्याकडे अधिक प्रतिष्ठेने नांदते. मराठी संतचरित्रकारांनी प्रत्येक प्रसिद्ध अभंगामागे एक प्रसंग उभा केला. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग म्हटले की ज्ञानदेव रुसून झोपडीचे दार लावून बसल्याची कथा आधी येते, मग अभंग. भक्ताच्या दृष्टीने त्या कथेचे मोल निराळे आहे आणि तिच्याशी आमचे भांडण नाही. पण तीच पद्धत आजच्या प्रबंधांत ‘प्रेरणास्थाने’ या प्रकरणाच्या रूपाने अवतरते. कादंबरीतील अमुक पात्र म्हणजे लेखकाचे तमुक काका, कवितेतील नदी म्हणजे लेखकाच्या आजोळची नदी, एवढे सिद्ध झाले की प्रकरण पूर्ण. काका सापडले, कादंबरी हरवली.

लोणारचे उदाहरण तर घरचेच आहे. अकोल्याहून पातूर-मालेगाव ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात उतरणाऱ्या प्रवाशास दख्खनच्या काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते प्रचंड विवर दिसते. त्यातील पाणी खारट व अल्कधर्मी आहे. तेथील आख्यान सर्वांना ठाऊक आहे: लवणासुर भूमीखाली दडून राहत असे, विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याच्या विवराचे झाकण उडविले आणि त्याचा वध केला, सरोवरातील पाणी हे त्याचे रक्त, लवण हे त्याचे मांस. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर शिल्पवैभवासाठी प्रसिद्ध आहे. विवर उल्कापाताने झाले हे १९७० नंतरच्या संशोधनाने प्रस्थापित झाले, आणि तेव्हापासून एक आकर्षक तर्क व्याख्यानांतून ऐकू येऊ लागला. आकाशातून पडलेल्या अग्नीची ती लोकस्मृती होय. प्राचीनांनी उल्का पाहिली आणि तिला असुरकथेचे रूप दिले. हा तर्क म्हणजे शुद्ध ‘टाइमलॅश’ आहे. अलीकडील आर्गॉन-कालमापनाने त्या आघाताचे वय सुमारे पावणेसहा लक्ष वर्षे निघते. ते पाहून स्मरणात ठेवणारे आणि त्याचे आख्यान रचणारे कोणी तेथे नव्हते. शिवाय आख्यानात आकाशातून काही पडतच नाही. असुर भूमीखाली आहे. आख्यानकाराने पाहिला तो खळगा आणि चाखले ते पाणी. एवढ्या दोन गोष्टींवरून त्याने भूमिगत असुर, उडालेले झाकण आणि रक्ताचे सरोवर असा अन्योन्यसंगत प्रपंच निर्माण केला. त्याला साक्षीदार ठरविण्यात त्याचा गौरव आहे असे मानणारे लोक त्याच्यातील कवीला मात्र नाकारीत असतात.

पुराणांतील विमाने खरोखर उडत होती असे छातीठोक सांगणारा वक्ता आणि ती उडत नव्हती म्हणून पुराणे त्याज्य मानणारा त्याचा प्रतिपक्षी, हे दोघे व्यासपीठावर कितीही भांडले तरी एकाच वर्गातील विद्यार्थी आहेत. कल्पिताची किंमत साक्षीच्या तराजूत करावयाची यावर त्यांचे एकमत आहे.

याचा अर्थ साक्षीवर आधारलेले वाङ्मय कमी प्रतीचे, असा कोणी घेऊ नये. निदान या जिल्ह्यात तरी तसे म्हणण्याची सोय नाही. अमरावतीपासून जवळच असलेल्या रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन त्याने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली संपादिलेली त्याची प्रत आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती असते. म्हाइंभटाचा सर्व मोठेपणा यात आहे की त्याने स्वतः काही कल्पिले नाही. ऐकलेल्या शब्दाशी तो प्रामाणिक राहिला. वेल्सचा सर्व मोठेपणा याच्या उलट आहे. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजले की दोघांवरही अन्याय होतो. म्हाइंभट कल्पना करीत होता असे म्हणणे हा त्याचा अपमान. वेल्स साक्ष देत होता असे म्हणणे हाही तितकाच.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात या भेदाची जाण असलेली एक गोष्ट घडली आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा आली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ती कथा जयंत विष्णु नारळीकर यांची होती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी ते नाव घेतले होते. जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने कथा गेली असती तर तिच्याकडे जाणकाराची साक्ष म्हणून पाहिले गेले असते. जगतापांची कथा मात्र कथा म्हणूनच वाचली गेली आणि पारितोषिकास पात्र ठरली. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले, तेव्हा अनेकांनी त्यांच्या कथांतील कोणते भाकीत खरे ठरले याचे हिशेब मांडले. भाकिताची ही गणना म्हणजे साक्षीचाच दुसरा प्रकार: भूतकाळाऐवजी भविष्याची साक्ष. त्यांच्या कथांच्या रचनेवर, निवेदनावर, किंवा पात्रे अनेकदा वादविवादाच्या सोयीसाठी उभी केलेली वाटतात या खऱ्या उणिवेवर फारच थोड्यांनी लिहिले. हे काम आपल्या विभागांतून होण्यासारखे आहे.

राहता राहिला वेल्सचा प्रश्न. ‘टाइमलॅश’च्या हर्बर्टला १८८५ साली सर्व काही पाहावयास मिळाले होते. खऱ्या वेल्सने कालयंत्राची पहिली कथा १८८८ साली आपल्या विज्ञानशाळेच्या नियतकालिकात लिहिली. तिचे नाव ‘द क्रॉनिक आर्गोनॉट्स’. तीत डॉक्टर नेबोगिफेल नावाचा एक विक्षिप्त संशोधक वेल्समधील एका खेड्यात येऊन राहतो आणि गावकरी त्याला चेटक्या समजून त्याच्यावर चालून जातात. कथा अवजड आहे; लेखकाला स्वतःलाही ती पुढे आवडेनाशी झाली. त्यानंतर त्याने तीच कल्पना पुनःपुन्हा मोडली व बांधली. १८९४ साली ‘नॅशनल ऑब्झर्व्हर’ मध्ये ती निबंधवजा लेखांच्या रूपाने आली, १८९५ च्या आरंभी ‘न्यू रिव्ह्यू’ मध्ये क्रमशः कादंबरी म्हणून आली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने. या सात वर्षांचे खर्डे एकापुढे एक ठेवून वाचण्याजोगे आहेत. पहिल्यात यंत्र आहे. पण एलॉइ नाहीत, वीना नाही, आणि जमिनीखाली कोणीही राहत नाही.